जिन्याखालच्या सात जणी

चहा आधी संपवा आणि कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंनी एकदा भरलेला कप पांढऱ्या शर्टावर ओतून घेतला होता, तेव्हापासून मी ही काळजी घेतो.

तसा मूर्खपणा कोणाच्या हातून होत नाही? सगळ्यांच्या होतो. पण चष्मा लावून, पुस्तक वाचून, वहीत नोंदी करून, अगदी पद्धतशीर मूर्खपणा केलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर बघून घ्या. समोर बसलाय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ओझरला विमानं बनतात त्या कारखान्यात मी स्टोअरला होतो. नाशकात आग्रा रोडच्या आतल्या बाजूला एका कॉलनीत आम्ही जूनमध्ये राहायला आलो. बैठी घरं, पुढे चार हात अंगण. कॉलनीत शिरल्या शिरल्या माझ्या हातून एक चमत्कार घडला. फाटकाजवळचं एक क्रोटन मरायला टेकलं होतं. मी सहज म्हणालो, "याला लोह कमी पडतंय," आणि त्याच्या बुडाशी चार गंजके खिळे पुरले. पंधरा दिवसांत झाड पानांनी भरून गेलं!

आता जुलै महिन्यात नाशकात पाऊस सुरू झाला होता, विजेच्या खांबालासुद्धा पालवी फुटेल असे दिवस होते ते. पण श्रेय मिळालं मला. "भास्करराव म्हणजे झाडांमधले तज्ज्ञ!" झालं! लोक मला वाळकी पानं दाखवायला आणायला लागले. मी ती उजेडात धरून "हंऽऽ" म्हणायचो. त्या "हं"वर माझी सहा महिने प्रॅक्टिस चालली.

आमच्या शेजारी गांगुर्डेबाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, ताठ कण्याच्या. सगळी कॉलनी त्यांना नुसतं "बाई" म्हणायची. बाईंकडे जिरेनियमच्या सात कुंड्या होत्या. जिरेनियम तुम्ही बघितलंय ना? गोल गोल मऊ पानं, वर लाल-गुलाबी फुलांचे झुबके. नर्सरीत हे झाड 'सिझनल' म्हणून विकतात. हंगाम संपला की उपटून फेका, पुढच्या वर्षी नवं आणा. बाईंनी मात्र महाबळेश्वरच्या सहलीतून आणलेल्या एका फांदीपासून ही सात झाडं केली होती आणि अकरा वर्षं जगवली होती! सव्वीस जानेवारीला कॉलनीत बागांची स्पर्धा व्हायची. पहिला नंबर दरवर्षी बाईंचा. हे सगळं मी ऐकून होतो, डोळ्यांनी काही पाहिलेलं नव्हतं, कारण आम्ही आलो जूनमध्ये. हे लक्षात ठेवा. माझ्या बचावाचा एवढा एकच मुद्दा आहे.

बाईंनी त्या झाडांना नावं ठेवली होती. शाळेतल्या पहिल्या तुकडीतल्या मुलींची. शोभा, मंगल, लता, पुष्पा, विमल, निर्मला आणि कुसुम.

दिवाळी झाली आणि बाई बडोद्याला निघाल्या, लेकीच्या बाळंतपणाला. जाताना सातही कुंड्या आमच्या अंगणात आणून ठेवल्या.

"भास्करराव, माझ्या मुली तुमच्या हवाली करतेय. स्पर्धेच्या आधी येतेच मी."

"निर्धास्त जा बाई."

"ऊन भरपूर लागतं. पाणी बेताचं. आणि थंडीचं तर काही सांगायलाच नको!"

एवढं बोलून बाई रिक्षात बसल्या.

आता तुम्हीच सांगा, "थंडीचं तर काही सांगायलाच नको" याचा अर्थ काय होतो? बाईंना म्हणायचं होतं, थंडी यांना इतकी मानवते की बोलायची सोयच नाही. मी समजलो, थंडी म्हणजे यांचा कर्दनकाळ! एकच वाक्य. बाईंच्या तोंडून निघेपर्यंत सरळ होतं, माझ्या कानात शिरताना उताणं पडलं.

आणि त्या वर्षी थंडी पडली हो! नाशिकची थंडी म्हणजे अंगात दोन स्वेटर आणि नळाच्या पाण्याला हात लावायची भीती. कारखान्याच्या बसमध्ये माझ्या शेजारी निवृत्ती बसायचा. सायखेड्याचा, घरची द्राक्षबाग. डिसेंबरमध्ये एक दिवस तो लाल डोळ्यांनी बसमध्ये चढला.

"काय रे, झोप नाही?"

"कसली झोप भास्करराव! लय थंडी हाय. द्राक्षाचे मणी तडकाया लागले. बागंत शेकोट्या पेटवल्या, धूर करत बसलो."

द्राक्षाची वेल एवढी दणकट, तिची ही गत. मग बाईंच्या नाजूक मुलींचं काय?

त्याच रविवारी मी रद्दीच्या दुकानातून बागकामाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. कव्हर गेलेलं, पहिली पंधरा-वीस पानं गेलेली. पण आत जिरेनियमवर अख्खं प्रकरण! 'हिवाळ्यात जिरेनियम कसे वाचवावे.' मला तर देवच भेटल्यासारखं झालं. पुस्तक विलायतेचं होतं, तिकडे हिवाळ्यात कमरेइतका बर्फ पडतो, हे ज्या पानांवर लिहिलं असेल ती पानं बहुतेक कोणीतरी भेळेला वापरली होती.

पुस्तक काय म्हणत होतं? कडक थंडीआधी झाड कुंडीतून उपटा. मुळांची माती झटका. दोन तृतीयांश छाटून टाका. मग तळघरात, अंधारात, उलटं टांगा. महिन्यातून एकदा मुळं तासभर पाण्यात बुडवा. वसंत ऋतूत बाहेर काढून पुन्हा लावा.

मी वाचून दाखवलं तर आमची सुनंदा म्हणाली, "अहो, चांगली टवटवीत आहेत की! आणि कळ्या आल्यात, बघा तरी."

"तेच तर! टवटवीत असतानाच काढायची असतात. आणि कळ्या दिसल्या तरी दया दाखवू नका, असं स्पष्ट लिहिलंय."

"बाईंना फोन करून विचारा एकदा."

"त्यांना कशाला? त्या बाळंतपणात आहेत."

"लेक आहे बाळंतपणात. बाई नाहीत."

पण तज्ज्ञ माणूस कोणाचं ऐकतो का? मी कात्री घेतली. सातच्या सात उपटल्या, छाटल्या. शोभाचं खोड इतकं जाड की कात्री चालेना, शेवटी करवतीचं पातं लावलं. मंगल उपटताना मधोमध कडकन् मोडली. कळ्यांचा हा ढीग पडला अंगणात! मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण डॉक्टरला ऑपरेशन करताना वाईट वाटून चालत नाही, असं म्हणून मी मन घट्ट केलं.

तळघर आम्ही कुठून आणणार? गच्चीवर जाणाऱ्या जिन्याखाली एक अंधारी खोली होती. तिथे सतरंज्या, जुनी ट्रंक, रिकामा सिलिंडर असं सामान असायचं. मी आडवी दोरी बांधली आणि सातही जणींना मुळं वर, शेंडे खाली अशा लटकावल्या. सुतळी संपली होती, म्हणून सुनंदाच्या विणकामातली लाल लोकर वापरली. आणि स्टोअरमध्ये काम करणारा माणूस मी, लेबल लावल्याशिवाय मला चैन कसं पडणार? प्रत्येकीला एक चिठ्ठी बांधली. मोठ्या, ठळक अक्षरात नाव आणि खाली शेरा.

'शोभा. मान कापली. महिन्यातून एकदा बुडवणे.'

'मंगल. कमरेत मोडली. बघू.'

'लता. वाळत चालली आहे. जगेलसे वाटत नाही.'

बाकीच्या चौघींचेही असेच शेरे. काम संपवून मी लांबून बघितलं आणि स्वतःवरच खूश झालो. काय शिस्त! काय टापटीप!

जानेवारीच्या सुरुवातीला बडोद्याहून बाईंचा फोन आला. तेव्हाचे एसटीडी फोन तुम्हाला आठवत असतील. निम्मा वेळ "हॅलो" म्हणण्यात जायचा.

"हॅलो भास्करराव! नात झाली मला!"

"अभिनंदन बाई!"

"माझ्या मुली कशा आहेत?"

"झोपल्यात!"

"काय म्हणालात?"

"आराम! आराम करताहेत!"

"अगंबाई, बहर आला असेल ना भरपूर?"

मी "बहर मी काढून टाकला" असं सांगायला तोंड उघडलं आणि लाईन कट झाली. तिकडे बाई नातीला मांडीवर घेऊन खूश, इकडे मी खूश. सगळे मजेत होते. मजेत नव्हत्या त्या फक्त सात जणी, आणि त्यांना तोंड नव्हतं.

मग आली संक्रांत.

सुनंदाने हळदीकुंकू ठरवलं होतं. नव्या कॉलनीतलं पहिलंच. वाण म्हणून तिने प्लॅस्टिकच्या रंगीत चाळण्या आणल्या होत्या, तीस. तिळगूळ केला, रांगोळी घातली. सकाळी कामाला सीताबाई आल्या. सीताबाई कॉलनीतल्या सहा घरी काम करायच्या आणि नुकत्याच साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या होत्या. त्यांना वाचनाचा असा काही नाद लागला होता की भाजीच्या पुडीचा कागद, साबणाचं वेष्टन, रॉकेलच्या रांगेतली पाटी, काही म्हणजे काही सोडायच्या नाहीत. आणि मोठ्याने वाचायच्या.

सुनंदा त्यांना म्हणाली, "सीताबाई, जिन्याखालच्या खोलीतून तेवढी सतरंजी काढा."

सीताबाई गेल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "शो... भा. मा... न का... प..." सीताबाई बाहेर आल्या त्या सतरंजीशिवाय. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, माझ्या पोटात दुखतंय. मी जाते."

आणि चप्पल न घालता गेल्या!

आता जरा कॉलनीची हकीकत ऐका. समोरच्या शोभावहिनींच्या मानेला डिसेंबरपासून पट्टा लागला होता. डॉक्टर म्हणाले मणका, त्या म्हणायच्या उशी. महिला मंडळाच्या मंगलताईंच्या कमरेत उसण भरली होती, त्या काठी घेऊन चालायच्या. आणि कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून लता! तिने कुठल्याशा मासिकात वाचून डाएट सुरू केलं होतं आणि दिवसेंदिवस सुकत चालली होती.

आलं लक्षात?

संध्याकाळचे पाच वाजले. सुनंदा पैठणी नेसून, अत्तरदाणी घेऊन बसली. साडेपाच झाले. एकही बाई नाही! पावणेसहाला रस्त्यावरून दोघीतिघी गेल्या, पण आमच्या फाटकापाशी आल्यावर पलीकडच्या कडेने, पदर नाकाला लावून. आमच्या घराला जणू प्लेग झाला होता! सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस चाळण्या ओळीने मांडलेल्या, आणि समोर मी एकटा.

"तुम्ही कोणाला काही बोललात का?"

"मी? मी काय बोलणार?"

"मग कोणीच कसं येत नाही हो?" आणि ती रडायलाच लागली. मला खरंच कळेना काय झालंय ते. मी तिला तिळगूळ द्यायला गेलो, तर तिने तो माझ्याच हातावर परत ठेवला.

सहाच्या सुमाराला फाटक वाजलं. सुनंदा डोळे पुसून उठली. बघते तर पुढे सोसायटीचे चेअरमन जगताप, आणि त्यांच्या मागे दहा-बारा बायका. एकीच्याही हातात पर्स नाही, अंगावर ठेवणीतलं लुगडं नाही. जगताप म्हणजे निवृत्त फौजदार. मिशीवरून हात फिरवत समोर बसले.

"भास्करराव, सरळ विचारतो. जिन्याखालच्या खोलीत काय टांगलंय?"

माझा चेहरा उजळला! अरेच्चा, म्हणजे बातमी फुटली तर! ही सगळी मंडळी माझं कौतुक करायला आली आहेत, असं मला वाटलं. हो, वाटलं! काय करणार?

"कळलं का तुम्हाला? मी वसंत ऋतूत सगळ्यांना बोलावून दाखवणारच होतो."

"किती जणी आहेत?"

"सात."

मागे बायकांमध्ये कुजबुज झाली. जगतापांनी खिशातून डायरी काढली.

"सातही तुम्हीच केल्या?"

"एकट्याने! एका रविवारात. शोभाला सगळ्यात आधी घेतलं. ती जाड फार हो. करवत चालवावी लागली."

शोभावहिनींनी मानेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि मटकन खाली बसल्या.

"आणि मंगल?" मंगलताईंनी काठी आवळत विचारलं.

"ती हातात धरल्याबरोबर कमरेत मोडली. पण मी आशा सोडलेली नाही."

"का केलंत असं? आम्ही काय वाकडं केलं होतं तुमचं?"

"वाकडं? छे! अहो, त्यांच्या भल्यासाठीच केलं. अंधारात उलटं टांगलं की त्या शांत होतात. महिन्यातून एकदा बुडवायचं. पुस्तकात दिलंय सगळं."

"कसलं पुस्तक?" जगताप गरजले.

"जुनं आहे. पहिली पानं फाटलीत."

"बघा! मी म्हणत नव्हते?" कोणीतरी किंचाळलं. कोपऱ्यातून लताची सासू पुढे आली आणि माझ्यासमोर हातच जोडले तिने. "भाऊसाहेब, आमच्या लताला सोडवा हो! चार महिन्यांत निम्मी झाली पोर!"

"लताचं काही खरं नाही," मी प्रामाणिकपणे म्हणालो. "तिला मी मनातून सोडलंय."

तो जो आरडाओरडा झाला तो तुम्हाला काय सांगू! लता रडतेय, सासू छाती पिटतेय, शोभावहिनी "माझी मान, माझी मान" करतायत, आणि फाटकाबाहेरून सीताबाई ओरडून सांगतायत, "लाल दोऱ्यानं बांधल्यात! नावं टाकून! मी सोता वाचलंय!" अख्ख्या जन्मात वाचनाचा एवढा उपयोग कोणाला झाला नसेल.

पहिल्यांदा उलगडा झाला तो सुनंदाला. ती एवढंच म्हणाली, "अहो, ते दार उघडा. आधी ते दार उघडा."

मी दार उघडलं, दिवा लावला. जगताप पुढे झाले. त्यांनी 'शोभा' हातात घेतली, उलटीची सुलटी केली, वास घेतला. फौजदारी नोकरीत त्यांनी काय काय हुंगलं असेल, पण हा वास त्यांच्या ओळखीचा निघाला.

"हे तर झाड आहे!"

"मग दुसरं काय असणार?" मी म्हणालो. "जिरेनियम. बाईंचे. ही बाईंच्या मुलींची नावं."

मंगलताई जे हसल्या! काठी टाकून, कमर धरून हसल्या. शोभावहिनी हसल्या आणि "आई गं" करत मान धरली. लताची सासू तर हसता हसता लतालाच बिलगली. मीही हसलो. म्हटलं, चला, सुटलो!

कुठलं सुटतोय! हसता हसता शोभावहिनी थांबल्या.

"एक मिनिट. बाईंचे जिरेनियम? म्हणजे ते स्पर्धेतले?"

"हो. थंडीपासून वाचवलेत मी."

"थंडीपासून?" मंगलताईंचा आवाज बदलला. "अहो, थंडीतच तर ते फुलतात! जानेवारीत पान दिसत नाही इतकी फुलं असतात. बाई त्यांना जपतात ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात!"

ऐन बहरात, फुलायच्या दिवसांत मी त्या सात जणींना उपटून अंधारात उलटं टांगलं होतं. आणि मार्चमध्ये, नाशिकच्या उन्हात, तळायला बाहेर काढणार होतो!

जगतापांनी पुन्हा डायरी उघडली. "भास्करराव, तुमचंही नाव आहे ना स्पर्धेत? झेंडू?"

"आहे."

"हंऽऽ," जगताप म्हणाले. हा माझाच "हं" होता. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आता मी करणी करणारा तांत्रिक नव्हतो, पहिल्या नंबरासाठी म्हातारीची झाडं मारणारा खुनी होतो! खरं सांगतो, त्यापेक्षा ती करणी परवडली असती. करणीवाल्याला निदान लोक घाबरतात तरी.

एक मात्र झालं. सुनंदाने त्या गोंधळात शांतपणे हळदीकुंकवाचं तबक आणलं आणि सगळ्यांना लावलं. आल्याच होत्या बायका! तिसातल्या चौदा चाळण्या खपल्या. सीताबाईंनी दोन मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. जगतापांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर सात जणी गोणपाटात गुंडाळून, मखमलाबाद रस्त्याच्या नर्सरीत गेलो. तिथल्या तात्यांनी एकेकीचं खोड नखाने खरवडून बघितलं.

"कोणी केलं हे?"

"मी."

"का?"

मी पुस्तक काढून दिलं. तात्यांनी चित्रं बघितली. एका चित्रात घर, घरावर बर्फ, बर्फात एक माणूस फावडं घेऊन.

"साहेब, हे आपल्या निफाडकडलं दिसत नाय," तात्या म्हणाले.

जगताप इतके हसले की झारीवर बसले.

तात्यांनी सांगितलं, पाच जिवंत आहेत, आतून हिरवी आहेत. दोन गेली. लता गेली, माझा अंदाज तेवढा बरोबर निघाला. आणि विमल गेली. मंगल मोडूनही जगली. घरी आणून, टबात भिजवून, वाळू मिसळलेल्या मातीत मी पाच कुंड्या लावल्या. त्यानंतरचे दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी उठलो की कुंड्यांपाशी उकिडवा बसायचो. बसमध्ये निवृत्ती विचारायचा, "फुटलं का काय?" मी मान हलवायचो. कॉलनीतली प्रत्येक बाई जाता-येता डोकावून जायची, एखाद्या आयसीयूच्या खिडकीतून बघावं तशी. सातव्या दिवशी शोभाच्या टोकाला मुगाएवढं हिरवं काहीतरी दिसलं. मी ओरडलो, "शोभाला फुटलं!" समोरच्या शोभावहिनींनी खिडकीतून विचारलं, "काय फुटलं?"

चोवीस जानेवारीला बाई आल्या.

मी रात्रभर भाषण पाठ केलं होतं. सकाळी बाईंच्या समोर उभा राहिलो आणि सगळं विसरलो. नुसता त्यांना अंगणात घेऊन गेलो. पाच कुंड्या. प्रत्येकीत वीतभर खुंट आणि खुंटावर नखाएवढी पानं. बाजूला ती सात चिठ्ठ्यांची लाल लोकर. पुरावा म्हणून मीच ठेवली होती.

"बाई, मी..."

बाईंनी हात वर केला. पुढच्या क्षणी आपल्याला अंगठे धरून उभं राहायला सांगतात की काय असं मला वाटलं. त्यांनी चष्मा लावला आणि चिठ्ठ्या वाचायला लागल्या. पहिली वाचली, दुसरी वाचली. 'कमरेत मोडली. बघू.' त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी हात जोडले.

बाई हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, भिंतीला टेकून हसत होत्या.

"भास्करराव, पस्तीस वर्षं मी मुलींच्या प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिले. पण असा शेरा मला एकदाही सुचला नाही हो!"

"बाई, लता आणि विमल..."

"गेल्या ना? जाऊ दे. मीही आजवर कमी झाडं मारलीत का? अकरा वर्षांत दोन-तीनदा सगळं संपत आलं होतं. एकेका फांदीवरून परत उभं केलंय." मग वाकून त्यांनी शोभाचा खुंट निरखला. "छाटणी मात्र बरी केलीत. मला कधी एवढी हिंमत झाली नसती. आता बघा, पाच-पाच फांद्या फुटतील."

आणि फुटल्या! मार्चपर्यंत ते खुंट असे गरगरीत झाले की बाईंनी त्यांच्या फांद्या लावून पुन्हा सातच काय, बारा कुंड्या केल्या. उन्हाळ्यात त्यांना सावलीत कसं ठेवायचं, पावसाळ्यात मुळं कुजू नयेत म्हणून पत्र्याखाली कसं हलवायचं, हे सगळं त्यांनी मला बोट धरून शिकवलं. मी वहीत उतरवून घेतलं.

स्पर्धेचं काय झालं म्हणता? पहिला नंबर लताच्या सासूच्या अबोलीला. माझ्या झेंडूंकडे परीक्षक वळलेच नाहीत, कारण सगळी कॉलनी त्यांना घेऊन खुंट दाखवायला आली होती आणि माईकवरून बाई स्वतः त्या चिठ्ठ्या वाचून दाखवत होत्या. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडत होते. सुनंदा सगळ्यात पुढे बसून हसत होती. एवढी हसताना मी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. त्या हसण्यापुढे मला पहिल्या नंबराचं काही वाटलं नाही, खरंच सांगतो.

त्याच वर्षी डिसेंबरअखेर बाई परत बडोद्याला निघाल्या, नातीच्या पहिल्या वाढदिवसाला. घराची किल्ली आमच्याकडे दिली. दुधाचं कार्ड दिलं. कपाटाची किल्लीसुद्धा सुनंदाच्या हातात ठेवली. आणि मला म्हणाल्या, "भास्करराव, स्टँडवर सोडायला याल ना? सामान जरा जास्त आहे."

सामान म्हणजे बारा कुंड्या!

मी त्या बारा कुंड्या रिक्षातून उतरवल्या, गुजरातच्या एसटीत चढवल्या, सीटखाली, पायाखाली, मागच्या बाकावर नीट रचल्या. घामाघूम झालो. कंडक्टर वैतागला. "बाई, एवढं लटांबर कशाला घेऊन निघालात? शेजारीपाजारी कोणाकडे ठेवायचं!"

बाईंनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि अगदी प्रेमाने त्याला सांगितलं,

"ठेवलं असतं हो. पण आमचे हे शेजारी पडले झाडांमधले तज्ज्ञ!"